ध्रुव मावळतो तिथे

रात्री नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाच्या काठावर या. उत्तरेकडे तोंड करा. हात लांब करून क्षितिजावर एक मूठ ठेवा आणि तिच्यावर दुसरी. वरची मूठ संपते, साधारण तिथेच ध्रुवतारा दिसेल. तुम्ही १९ अक्षांशावर आहात, म्हणून तोही क्षितिजापासून १९ अंश वर आहे. दक्षिणेला एक अंश, म्हणजे १११ किलोमीटर गेलात की तो तेवढाच खाली उतरतो. असे सुमारे २१०० किलोमीटर गेलात की विषुववृत्त येतं आणि ध्रुव क्षितिजाला टेकतो. आजीने सांगितलेलं अढळपद तिथे ढळतं.

आता डोळे मिटा.

उघडाल तेव्हा १७ फेब्रुवारी १८३२ची सकाळ आहे, नऊचा सुमार. तुम्ही अटलांटिक महासागरात, ‘बीगल’ जहाजाच्या खालच्या मजल्यावर आहात. वरची झाकणं ठोकून बंद केलेली. मिट्ट काळोख, जीव नकोसा करणारा उकाडा. पहिल्यांदाच विषुववृत्त ओलांडणारे ३२ नवखे इथे कोंबलेत. तुमच्या शेजारचा तरुण पाच दिवसांपूर्वीच २३ वर्षांचा झालाय. इंग्लंड सोडल्यापासून त्याला बोट लागते आहे. त्याचं नाव चार्ल्स डार्विन.

वर सागरदेव नेपच्यूनचा दरबार भरलाय. झाकण उघडतं, देवाचे चार शिपाई उतरतात. पहिला नंबर डार्विनचा. मग तुमचा.

डोळ्यांवर पट्टी बांधतात. चालताना चहूबाजूंनी बादल्यांचं पाणी धो धो आदळतं. तुम्हाला एका फळीवर बसवतात. तोंडाला डांबर आणि रंग फासतात, मग खरबरीत लोखंडी पट्टीने ‘दाढी’ करतात. कुणीतरी इशारा करतो, फळी कलते आणि तुम्ही डोक्यावर पाण्यात. दोघे जण झेलतात, बुचकळतात आणि सोडून देतात.

पट्टी काढून नीट बघा. सगळं जहाज भिजलंय. ज्याच्या एका शब्दावर हे सारे हलतात, तो कप्तान फिट्झरॉयही कोरडा राहिलेला नाही. त्या दिवसाची ही हकिगत डार्विनने रोजनिशीत लिहून ठेवली. आपण स्वस्तात सुटलो, बाकीच्यांच्या तोंडात घाण कोंबली गेली, हेही त्याने लपवलं नाही. ही प्रथा अनेक जहाजांवर क्रौर्याला गेली. पुढे तिला आवर घालावा लागला.

पुन्हा डोळे मिटा. आता २५ सप्टेंबर २०१७. पायाखाली ‘तारिणी’ आहे, गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात घडलेली १७ मीटरची शिडाची नौका. वर्तिका जोशी आणि नौदलातल्या तिच्या पाच सहकारी विषुववृत्त ओलांडत आहेत. पृथ्वीप्रदक्षिणेला निघून त्यांना पंधरा दिवस झालेत. परततील तेव्हा २५४ दिवस झालेले असतील. इथे कप्तानाला वेगळा, कोरडा कोपरा नाही. जी लाट येते ती सहाही जणींवर येते.

डोळे उघडा. पुन्हा विष्णुपुरी. काठावर काळेश्वराचं मंदिर, गावात अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं, त्यांची वसतिगृहं. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन एखादा मुलगा, एखादी मुलगी इथे उतरते. त्यांचाही ध्रुव त्या रात्री दिसेनासा झालेला असतो. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे आणि तो हवाच. पण स्वागत आणि छळ यांच्यातली रेघ समुद्रावर मला जास्त स्पष्ट दिसली. ज्या विधीत थोरलेही भिजतात, तो नवख्याला आपल्यात घेतो. ज्यात थोरले कोरडे राहून बघत बसतात, तो नुसता छळ.

तुम्ही यंदा सीनियर झाला असाल, तर एवढंच ऐका: स्वतः भिजायची तयारी नसेल, तर नवख्यावर बादली उचलू नका.