पानगळीचा पेला

मद्याविषयी आपल्या धर्मग्रामांत बोलणे निघाले की सहसा दोनच सूर ऐकू येतात. एक सूर दुःखाचा असतो. ज्या घरचा कर्ता पुरुष बाटलीच्या आहारी गेला त्या घराने काय सोसले, हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांचा तो सूर आहे आणि तो खरा आहे. दुसरा सूर लग्नमांडवातला, पेला भरून पुढे करणाऱ्याचा. या दोन सुरांच्या गलबल्यात तिसरी एक गोष्ट ऐकूच येत नाही. ती म्हणजे माप. कडक मद्यात पाणी, गोडवा, फळाचा रस आणि मसाला मिसळून ते सौम्य करावे व एका पेल्यावर थांबावे, ही रीत माणसाने फार पूर्वी शोधून काढली. तिच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण अमेरिकेतील केंटकी राज्यात आणि तेथील जुन्या कॅथलिक वसाहतीत घडले. मका घरात आला, सफरचंदे उतरली आणि झाडांची पाने तांबडी होऊन गळू लागली की तिकडे व्हिस्की व सफरचंदाचा रस एकत्र करून एक पेय घरीच करतात. त्या साध्या पेल्यात काय काय मिसळलेले आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पाच जिनसांचे पेय

'कॉकटेल' हा शब्द परका वाटला तरी त्याचा पूर्वज आपल्या देशातला आहे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर येथे येत, तेव्हा त्यांच्या सवयीची बिअर व वाइन लांबच्या सागरी प्रवासात आणि येथल्या उष्म्यात टिकत नसे. त्यांनी माडीपासून गाळलेला अरक हाती घेतला. तो फार कडक, म्हणून त्यात लिंबाचा रस, साखर, पाणी व मसाला घातला. 'पंच' या नावाचा उल्लेख १६३२ सालच्या कंपनीच्या एका नोकराच्या पत्रात सापडतो. कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७२ नंतरची काही वर्षे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर होता. १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो सांगतो की, पाच जिनसांवरून या पेयाला हे नाव पडले. उत्तम अरक गोव्यातील नेरूळ येथे होतो असे तो लिहितो, आणि त्याच वाक्यात, हे पेय माणसाची शक्ती हरण करणारे आहे असा वैद्याचा इशाराही देतो. कौतुक आणि इशारा यांची ही जोडी पुढे कधीच तुटली नाही.

पंच इंग्लंडात गेला, तेथून अमेरिकेतील वसाहतींत गेला. तो मोठ्या वाडग्यात करीत आणि भोवती बसून सर्वांनी वाटून घेत. अमेरिकेत एकट्यादुकट्यासाठी पेलाभर मिश्रण करण्याची चाल पडली. १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने, वाचकाने विचारल्यावरून, कॉकटेल म्हणजे काय याचा खुलासा छापला. कोणतेही गाळीव मद्य, साखर, पाणी आणि कडवट औषधी अर्क, अशा चार वस्तू त्यात सांगितल्या आहेत. या कडवट अर्काला 'बिटर्स' म्हणतात. त्याचा मुख्य आधार जेंशियन नावाची मुळी; आपल्या घरोघरच्या काडेचिराईताच्याच कुळातली. सिमोन बोलिव्हार यांच्या सैन्यातील जर्मन डॉक्टर सीगर्ट यांनी १८२४ साली व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा गावी पोटाच्या तक्रारींवर असा एक अर्क तयार केला. आज जगभर पेल्यात त्याचेच थेंब पडतात. म्हणजे कॉकटेलच्या मुळाशी निम्मे मद्य तर निम्मे आजीबाईचे औषध होते.

मेरीलँडहून केंटकीला

अमेरिकेतील इंग्रज कॅथलिकांचे पहिले घर मेरीलँड. तेथील जमीन तंबाखूने झिजली, कुटुंबे वाढली. १७८५ साली बेझिल हेडन यांच्या पुढाकाराने सुमारे पंचवीस कॅथलिक कुटुंबे डोंगर ओलांडून केंटकीत आली व आजच्या बार्ड्‌सटाउन गावाच्या परिसरात वसली. शेजारधर्म टिकावा आणि पुढेमागे धर्मगुरू मिळावा म्हणून त्यांनी एकत्र जायचे ठरवले होते. पुढे त्यांना फादर स्टीफन बादिन लाभले. अमेरिकेच्या भूमीवर दीक्षा झालेले ते पहिले धर्मगुरू. त्यांची दीक्षा १७९३ साली बाल्टिमोर येथे झाली. ते घोड्यावरून मैलोगणती फिरत मिस्सा अर्पण करीत. १८०८ साली पोप सातवे पायस यांनी न्यूयॉर्क, बॉस्टन व फिलाडेल्फिया यांच्याबरोबर बार्ड्‌सटाउनलाही धर्मप्रांताचा दर्जा दिला. त्या तीन महानगरांच्या पंक्तीत हे रानातले खेडे बसले! बिशप फ्लाजे यांनी तेथे उभारलेले संत जोसेफ यांचे कॅथीड्रल आजही उभे आहे. आसपासच्या मुलखाला लोक 'केंटकीची पवित्र भूमी' म्हणतात.

याच भूमीला 'बरबन'चे माहेर म्हणतात, आणि हा योगायोग नाही. या वसाहतवाल्यांना गाळपाची कला अवगत होती. चुनखडीच्या थरांतून झिरपलेले पाणी तेथे मुबलक होते आणि मका उदंड पिके. परंतु बाजार डोंगरांपलीकडे होता. एका घोड्यावर चार बुशेल धान्य लादता येई, तर व्हिस्कीच्या रूपाने चोवीस बुशेलांचा ऐवज नेता येई, असा त्या काळचा हिशेब सांगतात. शेतकऱ्याला व्हिस्की म्हणजे न किडणारे, न कुजणारे पीक होते. बेझिल हेडनही व्हिस्की गाळीत. त्यांच्या नातवाने १८८२ साली भट्टी काढली आणि आपल्या व्हिस्कीला आजोबांच्या आठवणीने 'ओल्ड ग्रँड-डॅड' असे नाव दिले.

आजच्या कायद्याने बरबनमध्ये किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळून काढलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. उन्हाळ्यात मद्य लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते. रंग आणि व्हॅनिलासारखा गंध येतो तो तेथून. मुरताना दरवर्षी थोडे मद्य हवेत उडून जाते. त्याला तेथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात.

सफरचंद आणि ज्वारी

पेल्यातील दुसरी वस्तू सफरचंद. अमेरिकेतील वसाहतवाले सफरचंदाची झाडे लावीत ती मुख्यतः रसासाठी. बीपासून वाढलेल्या झाडाचे फळ बहुधा आंबट-तुरट निघे. ते खाण्यापेक्षा पिळण्याच्या कामी येई. जॉन चॅपमन (१७७४–१८४५) हा अनवाणी फिरून रोपवाटिका लावणारा माणूस 'जॉनी अ‍ॅपलसीड' या नावाने दंतकथा झाला, तो अशाच झाडांमुळे. ताज्या, न गाळलेल्या रसाला तिकडे 'सायडर' म्हणतात. तो आंबवला तर त्याचेच हलके मद्य होते.

तिसरी वस्तू वाचून आपल्याकडील वाचकाला घरच्यासारखे वाटेल. केंटकीत ज्वारी होते. दाण्यांची नव्हे, गोड धाटांची. ही जात १८५० च्या दशकात अमेरिकेत आली. सप्टेंबर-ऑक्टोबरात धाटे चरकात पिळून रस उघड्यावर मोठ्या पसरट कढयांत आटवतात आणि तांबूस काकवी करतात. शेजारीपाजारी जमतात, मुले फेसाभोवती घोटाळतात. साखर महाग होती तेव्हा हीच घरची गोडी होती. मका, सफरचंद आणि ज्वारी अशी तीन पिके एकाच ऋतूत हाताशी येत, म्हणून हा पेला पानगळीचा.

न दिसणारे हात

इतिहास लिहायचा तर या पेल्याच्या तळाशी जे आहे तेही सांगितले पाहिजे. मेरीलँडहून आलेल्या कॅथलिक कुटुंबांनी आपल्याबरोबर गुलामही आणले. मका खुडणे, लाकडे फोडणे, भट्टी सांभाळणे यांत त्यांचे श्रम होते; बाटलीवर त्यांची नावे नव्हती. केंटकीतील धर्मभगिनींचे जुने संघही गुलाम बाळगून होते. त्यांतील तीन संघांनी २००० साली एकत्र येऊन या पापाबद्दल जाहीर क्षमा मागितली. शेजारच्या टेनेसी राज्यात जॅक डॅनियल यांना गाळपाची विद्या शिकवणारे नेअरेस्ट ग्रीन हे गुलामीत असलेले कारागीर होते; त्यांच्या या ऋणाचा जाहीर उच्चार कंपनीने २०१६ साली सुरू केला. लुईव्हिल शहरात जन्मलेले टॉम बुलक हे कृष्णवर्णीय मद्यमिश्रक. त्यांनी १९१७ साली मिश्रणांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. असे पुस्तक लिहिणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन मानले जातात. तीनच वर्षांत देशात दारूबंदी आली आणि त्यांच्या विद्येला बाजारच उरला नाही.

माप सुटले तेव्हा

बंदी अकारण आली नव्हती. व्हिस्की स्वस्त झाली, माप सुटले आणि घरे मोडली. आयर्लंडमधील कपुचिन धर्मगुरू फादर थिओबॉल्ड मॅथ्यू यांनी १८३८ पासून लाखो लोकांकडून मद्यत्यागाची शपथ घेतली. १८४९ ते १८५१ या काळात ते अमेरिकेतही फिरले. १८७२ साली तेथील कॅथलिकांनी मद्यत्यागाचा राष्ट्रीय संघ स्थापन केला. व्हिस्की गाळणारे आणि व्हिस्की सोडण्याची शपथ देणारे असे दोघेही एकाच ख्रिस्तसभेची लेकरे होती, आणि दोघांनाही एकाच वेदीसमोर गुडघे टेकायचे होते.

१७ जानेवारी १९२० रोजी देशभर बंदी अमलात आली. मिस्सेच्या द्राक्षारसाला कायद्याने सूट दिली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की मिळे. आणि घरगुती वापरासाठी नशा न आणणारा सफरचंदाचा रस करण्यासही मोकळीक होती. केंटकीतील भट्ट्या विझल्या, कामगार देशोधडीला लागले. चोरटी दारू मात्र वाहतच राहिली. ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली. आपल्या जुन्या मुंबई राज्यानेही १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, त्यातही धार्मिक विधीच्या द्राक्षारसाची सोय ठेवली. त्या कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य जवळ बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात.

पेल्याचे गणित

आता प्रत्यक्ष कृती. १८८० च्या सुमारास अमेरिकेत कॉकटेलमध्ये नाना परदेशी मद्ये पडू लागली, तेव्हा जुन्या वळणाची माणसे साध्या पद्धतीचे, म्हणजे 'ओल्ड फॅशन्ड' कॉकटेल मागू लागली. पानगळीचा पेला हे त्याचेच घरगुती रूप.

एका माणसासाठी ४५ मिलिलिटर बरबन मोजून घ्यावी. डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नये. तितकाच बिनसाखरेचा सफरचंदाचा रस घ्यावा. १० मिलिलिटर ज्वारीची काकवी प्रथम चमचाभर कोमट पाण्यात विरघळवावी, नाहीतर ती तळाशी बसते. उसाची काकवीही चालते. बिटर्सचे दोन-तीन शिंतोडे टाकावेत. हे सर्व बर्फावर अर्धा मिनिट सावकाश ढवळावे. ढवळताना वितळणारे पाणी हा कृतीचाच भाग आहे. घाई केल्यास पेय कडक राहते. मग एका मोठ्या बर्फाच्या खड्यावर गाळून, वर सफरचंदाची पातळ फोड ठेवावी आणि जायफळ किसून घालावे.

याचे गणित असे. चाळीस टक्क्यांच्या ४५ मिलिलिटर व्हिस्कीत १८ मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. रस, काकवी व वितळलेले पाणी धरून पेला सुमारे १२० मिलिलिटर भरतो. चाळीसाचे पंधरा टक्के झाले. म्हणजे जवळजवळ कडक वाइनइतके. पण मद्यार्क सौम्य झाला तरी कमी झालेला नसतो. तो होता तेवढाच असतो. गोडव्यामुळे तो जिभेला कळत नाही, एवढेच. म्हणून दुसरा पेला भरताना जीभ साक्ष देत नाही. साक्ष मापाचीच घ्यावी लागते. ज्यांच्या घरात या व्यसनाची जखम आहे, जे औषधे घेतात, ज्या भगिनी गरोदर आहेत, त्यांच्यासाठी तोच पेला व्हिस्कीवाचून करावा. रस गरम करून त्यात दालचिनी व लवंग घालावी. चव उणी पडत नाही.

उत्तर कोकणातील आपल्या ईस्ट इंडियन घरांतही लग्नकार्यात 'खिमाड' करतात. मद्यात साखर, पाणी व मसाले घालून ते गरम गरम छोट्या पेल्यातून देण्याची ती रीत आहे. नेरूळच्या अरकापासून बार्ड्‌सटाउनच्या पिंपापर्यंत ज्या कोणी कडक मद्यात पाणी आणि मसाला मिसळला, त्यांना आपल्या हातातील वस्तूचा धाक ठाऊक होता.

बार्ड्‌सटाउनपासून थोड्या अंतरावर गेथसेमनी येथे १८४८ पासून ट्रॅपिस्ट संन्याशांचा मठ आहे. टॉमस मर्टन यांनी आयुष्याची सत्तावीस वर्षे तेथेच काढली. ते संन्यासी केकमध्ये आणि मिठाईत बरबन घालतात व ती विकून मठ चालवतात. चारी बाजूंनी भट्ट्यांचा मुलूख, मधे मौन पाळणारा मठ, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मोजून घातलेली व्हिस्की असे तेथील चित्र आहे. त्या मुलखाने दोन शतकांत माप राखलेलेही पाहिले आणि सुटलेलेही पाहिले. आपल्या घरातील पेल्याला ते राखणे अधिक सोपे नाही.