शिवनाथकाठचा जुना नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ६४ जी या अंशपत्रकात दुर्ग शहर आणि त्याच्या पूर्वेस असलेले भिलाई येते. पोलाद कारखान्यापूर्वीच्या, मैलाला एक इंच या प्रमाणावरच्या नकाशांत या भूमीचे रूप आपणांस भातशेतीचे दिसते : पश्चिमेस शिवनाथ, गावागणिक निळे तलाव, त्यांच्या बांधांलगत हिरव्या ठिपक्यांच्या आमराया. रंगीत नकाशांची ही पद्धती १९०४-०५च्या समितीनंतर रूढ झाली. तिच्यामागील त्रिकोणमितीय मोजणीचा प्रणेता विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे मरण पावला, हे वऱ्हाड-नागपूरकडील वाचकांनाही क्वचितच ठाऊक असते.

त्याआधीचा हिशेब मराठी दप्तरांचा. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत रतनपुरास राहिले. पुढे सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी गढांची जुनी रचना मोडून परगणे पाडले. त्या दप्तरास नदीच्या वळणांशी कर्तव्य नव्हते, महसुलाशी होते. उलट, इंग्रजी नकाशा उंचसखलपणा अचूक दाखवितो. पण कुळाला जी भूमी ठाऊक होती ती त्यात नाही. काळी कन्हार, पिवळसर मटासी, मधली डोरसा आणि मुरमाड भाठा हे छत्तीसगढी शेतकऱ्याचे भेद. त्यांवरच भाताचे पीक आणि पर्यायाने घरातील धान्य अवलंबून असे. नकाशाच्या रंगांत हे भेद मावत नाहीत. ते जमाबंदीच्या कागदांत शोधावे लागतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचणारे अभ्यासक थोडे, ही खंत येथे नोंदवावीशी वाटते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर त्यातून वेगळे झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. दहा लाख टनांच्या त्या कारखान्यासाठी भोवतालच्या गावांची शेते गेली. नव्या नगराच्या नकाशात 'सेक्टर' आणि त्यांचे क्रमांक आले. तथापि रिसाली, रुआबांधा, खुर्सीपार, सुपेला, कोहका ही गावांची नावे वस्त्यांना चिकटून राहिली. त्यांतील रुआबांधा हे नाव तर उच्चारताच बांध आठवावा असे. मरोद्याचे नाव जलाशयाला लाभले. तांदुला धरणाचे पाणी कालव्याने तेथे आणून कारखान्यास पुरविले गेले.