एक इंजिन, दोन नशिबं

कळंबच्या एस.टी. स्टँडबाहेर १९९० च्या दशकात ज्यांनी गाडीची वाट पाहिली असेल, त्यांच्या कानात एक आरोळी अजून असेल. ‘येरमाळा, येरमाळा, येरमाळा... एकच सीट!’ ती एक सीट भरली तरी गाडी हलत नसे. नऊ-दहा जणांच्या काळी-पिवळीत पंधरा-सोळा माणसं बसल्याशिवाय ड्रायव्हर चावीला हात लावत नसे. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत तर मोजदादच नको. आमच्या गावात रेल्वे नाही. एस.टी. चुकली की केज, येरमाळा, बार्शी, कुठंही जायचं तर ही काळी-पिवळीच.

माझे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणतो, यांची ट्रॅक्स त्या रांगेत असायची. दोन एकर रान गहाण ठेवून घेतलेली. थंडीच्या दिवसांत पहाटे आधी हीटर द्यायचा, थोडं थांबायचं, मग चावी फिरवायची. इंजिन खोकत-खोकत सुरू व्हायचं, काळ्या धुराचा लोट मागच्या चहाच्या टपरीत शिरायचा आणि टपरीवाला रोज तीच शिवी द्यायचा. त्या धुरावर आमच्या घरातली दोन लग्नं झाली आणि रान सुटलं.

काही वर्षांपूर्वी मी मुलाकडे अमेरिकेत राहून आलो. नानांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, ‘तिकडं डिझेल गाडीला ॲव्हरेज काय पडतं?’ मी मुलाला विचारलं. तो हसून म्हणाला, ‘इथं मोटारीत डिझेल कोण भरतं, बाबा?’ खरंच होतं. मालट्रक, बस, मोठे पिकअप डिझेलवर. घरची मोटार मात्र पेट्रोलवर. पंपावरच्या पाटीवर डिझेलचा भाव पेट्रोलपेक्षा चढा. नानांना हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मग शहाणं कोण म्हणायचं? ते का आपण?’

श्रोतेहो, हा प्रश्न मी बरेच दिवस डोक्यात घोळवला. आज त्याचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आधी इंजिनाविषयी दोन शब्द. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच इंधन पेटतं. त्यामुळं एका लिटरमधून पेट्रोलपेक्षा जास्त काम निघतं. जर्मनीत मर्सिडीजनं १९३६ सालीच डिझेलची मोटार विकायला आणली. पुढं याच कंपनीनं २.४ लिटरचं, ओएम ६१६ नावाचं एक इंजिन केलं. हे इंजिन बसवलेली २४० डी ही मोटार अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकांत विकली गेली. चालायला मंद, पण मरायचं नाव नाही, अशी तिची ख्याती. आणि गंमत पाहा, याच इंजिनाचा परवाना पुण्याच्या बजाज टेम्पोनं घेतला. ट्रॅक्समध्ये जे धडधडत होतं, ते त्याच घराण्यातलं. म्हणजे अमेरिकेत जे एखाद्या हौशी डॉक्टर-वकिलाच्या दारात उभं होतं, ते इकडं कळंबच्या स्टँडवर सीट भरत होतं. इंजिन एकच, नशिबं मात्र दोन.

असं का झालं? आपल्याकडचं कारण इंजिनात नव्हतं, भावाच्या पाटीवर होतं. पेट्रोल म्हणजे मोटार-स्कूटरवाल्यांचं, त्यावर कर लावा. डिझेल म्हणजे मालट्रक, एस.टी. आणि विहिरीवरच्या इंजिनाचं, ते स्वस्त ठेवा, असं सरकारचं धोरण होतं. १९७३ साली जगात तेलाचे भाव भडकल्यावर पेट्रोल आणखी महागलं. मूळच्या पेट्रोलवरच्या जीपगाड्या हळूहळू डिझेलकडे वळल्या. महिंद्रानं फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या परवान्यानं इगतपुरीत डिझेल इंजिनं बनवली. १९९० च्या दशकात डिझेलचा भाव पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास असे. नानांचं गणित त्या फरकावर उभं होतं. तीच जीप पेट्रोलवर असती तर गहाण रान कधीच सुटलं नसतं.

अमेरिकेत हा फरकच नव्हता. तिथं पेट्रोलवरचा कर मुळात कमी. त्यातही १९९३ पासून केंद्राचा कर पेट्रोलवर गॅलनमागं १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट आहे. म्हणजे आपल्या बरोबर उलट. तिथले तेलशुद्धीकरण कारखानेही पेट्रोल जास्त निघावं असेच बांधलेले. ४२ गॅलनच्या पिंपातून एकोणीस-वीस गॅलन पेट्रोल काढतात. पेट्रोल मुबलक आणि स्वस्त असताना महागडं, मंद, आवाज करणारं इंजिन कोण घेणार?

तरी एकदा दार उघडलं होतं. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईत तिथं पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा लोक डिझेलकडे पाहू लागले. जनरल मोटर्सनं १९७८ च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबाईल गाड्यांत ५.७ लिटरचं डिझेल इंजिन दिलं. पण ते घाईत केलेलं काम होतं. पेट्रोल इंजिनाच्याच मापांवर ते बेतलेलं. डिझेलचा दाब कितीतरी जास्त. हेडचे बोल्ट तो सोसेनात. डिझेलमधलं पाणी वेगळं काढण्याची नीट सोय नव्हती, त्यामुळं पंप गंजले. दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनाही हे यंत्र नवंच होतं. गाड्या रस्त्यात बंद पडू लागल्या, प्रकरणं कोर्टात गेली आणि १९८५ साली ते इंजिन बंद झालं. १९८६ साली तेलाचे भावही कोसळले. एका पिढीच्या मनात डिझेल मोटार म्हणजे डोकेदुखी, हे पक्कं बसलं.

त्यानंतर आला धुराचा कायदा. डिझेल इंजिन काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं जास्त सोडतं. कॅलिफोर्नियानं १९९८ साली डिझेलच्या काजळीला विषारी ठरवलं. युरोपनं डिझेल मोटारींना नायट्रोजनच्या ऑक्साइडांत सूट दिली होती. अमेरिकेनं २००४ पासून लागू केलेल्या नियमांत पेट्रोल आणि डिझेल दोघांना एकच माप लावलं. त्या मापात बसायला डिझेल गाडीला महागडी यंत्रणा लागते. फोक्सवॅगननं ती अडचण लबाडीनं सोडवली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर गाडीत घातलं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठानं रस्त्यावर केलेल्या चाचण्यांतून संशय आला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये बिंग फुटलं. अमेरिकेतल्या डिझेल मोटारीच्या शवपेटीवरचा हा शेवटचा खिळा. त्याचे पडसाद पुण्यापर्यंत आले. तिथल्या एआरएआय संस्थेनं भारतातल्या गाड्या तपासल्या आणि कंपनीला इथंही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

मग शहाणे तेच, असं म्हणायचं का? थांबा. स्वस्त पेट्रोलच्या जोरावर प्रचंड मोटारी फिरवणं हे काही शहाणपण नव्हे. पण आपलाही हिशेब तपासायला हवा. शेतकऱ्याच्या इंजिनासाठी आणि एस.टी.साठी म्हणून डिझेल स्वस्त ठेवलं गेलं. २०१२ च्या सुमारास दोन्हींच्या भावात लिटरमागं पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता आणि देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलवर होत्या. विहिरीवरच्या इंजिनाच्या नावानं दिलेली सवलत शहरातल्या बंगल्यांपुढच्या मोठ्या गाड्यांच्या टाकीत जात होती. किरीट पारीख समितीनं २०१० सालीच डिझेल मोटारींवर जादा कर लावा असं सुचवलं होतं. धुराचीही किंमत होतीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं. तो आम्ही स्टँडवर बसून वर्षानुवर्षं ओढला. त्या टपरीवाल्यानं तर सर्वांत जास्त.

ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं डिझेलच्या भावावरचं नियंत्रण काढलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ ची मापं आली आणि मारुतीनं डिझेल मोटारी बनवणंच थांबवलं. आता नव्या मोटारींत डिझेलचा वाटा पाचात एकाच्या आसपास आहे. उशिरा का होईना, अमेरिकेच्याच वाटेला आपण लागलो आहोत. बंगल्यासमोरच्या गाडीनं पेट्रोल पत्करलं. पण ट्रॅक्टर आणि रानातलं इंजिन कुठं जाणार? ते डिझेलवरच आहेत आणि त्यांना भाव तोच.

हे सगळं मी परवा नानांना सांगितलं. ट्रॅक्स विकून त्यांना बरीच वर्षं झाली. नातवानं सीएनजीची गाडी घेतली आहे. नाना ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘म्हंजे माझ्या जीपचं अर्धं भाडं सरकारच भरत हुतं की!’ जरा वेळानं चष्मा पुसत पुढं म्हणाले, ‘अन् त्या बंगल्यावाल्याचं बी.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)