दुकानाचा उंबरठा कोणाचा? मास्क, ग्राहक आणि नकाराचा इतिहास

१/१७
करोनाकाळात दुकानांच्या दारांवर झळकणारी ‘नो मास्क, नो एन्ट्री’ ही पाटी आठवत असेलच. तिच्यावरून वादही पुष्कळ झाले. एक पक्ष म्हणे, दुकान माझे आहे, कोणाला आत घ्यायचे ते मी ठरवीन. दुसरा म्हणे, दुकान सर्वांसाठी उघडे आहे, मला अडवणे हा भेदभाव आहे. हे दोन्ही युक्तिवाद करोनापेक्षा कितीतरी जुने आहेत. त्यांचा तीन शतकांचा प्रवास पाहू. #थ्रेड

२/१७
आरंभ इंग्लंडपासून, कारण भारत आणि अमेरिका या दोन्ही देशांतील कायद्याची बरीच मुळे तिथल्या कॉमन लॉमध्ये आहेत. १७०१ साली ‘लेन विरुद्ध कॉटन’ हा खटला टपालातून गहाळ झालेल्या ऐवजावरून उभा राहिला. त्यातील आपल्या भिन्नमतात मुख्य न्यायाधीश जॉन होल्ट यांनी एक तत्त्व मांडले: ज्याने सार्वजनिक धंदा पत्करला, त्याने सबळ कारणाशिवाय गिऱ्हाईक परत पाठवू नये. त्यांची उदाहरणे होती घोड्याला नाल ठोकणारा नालबंद, सराईवाला आणि मालवाहक.

३/१७
पुढे या तत्त्वाचा परीघ आक्रसला. एकोणिसाव्या शतकापर्यंत ते मुख्यतः सराया आणि वाहतूकदार यांच्यापुरतेच उरले. सामान्य दुकानदार आपल्या मर्जीचा मालक झाला. सराईवाल्यालाही काही मुभा होती. खोल्या भरल्या असतील, किंवा येणारा मद्यधुंद वा असभ्य वर्तन करणारा असेल, तर त्याला नाकारता येई. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नकाराची ही कारणे त्या क्षणीच्या वर्तनाशी निगडित होती. माणूस कोण आहे, याच्याशी त्यांचा संबंध नव्हता.

४/१७
हा भेद न्यायालयात ठळकपणे उमटला तो एका क्रिकेटपटूमुळे. १९४३ साली वेस्ट इंडीजचे विख्यात अष्टपैलू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवरील सामन्यासाठी लंडनला आले. हॉटेलात आरक्षण असूनही त्यांच्या वर्णामुळे त्यांना तेथे राहू देण्यास नकार मिळाला. हॉटेलात जागा होती आणि कॉन्स्टंटाइन यांच्या वर्तनात काडीचाही दोष नव्हता. १९४४ मध्ये न्यायाधीश बर्केट यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरपाई मात्र नाममात्र मिळाली: पाच गिनी.

५/१७
आता मास्ककडे वळू. १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची साथ सॅन फ्रान्सिस्कोत पोहोचली. शहराचे आरोग्य अधिकारी विल्यम हॅसलर यांनी ऑक्टोबरच्या मध्यास पहिली सक्ती केली ती न्हाव्यांवर. लगेचच बँकांतील रोखपाल, औषधविक्रेते, हॉटेलांतील आणि दुकानांतील कर्मचारी त्यांच्या यादीत आले. म्हणजे त्या शहरात मास्क प्रथम गल्ल्याच्या आतल्या बाजूला आला आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर नंतर चढला.

६/१७
२४ ऑक्टोबर १९१८ रोजी नगरमंडळाने वटहुकूम संमत केला. रस्त्यावर, सार्वजनिक जागी, दोन किंवा अधिक माणसे जमतील अशा कोणत्याही ठिकाणी मास्क अनिवार्य ठरला. जेवताना सूट होती. अन्नपदार्थ आणि कपडे विकणाऱ्यांचा उल्लेख त्यात स्वतंत्रपणे होता. दंड पाच ते शंभर डॉलर, किंवा दहा दिवसांपर्यंत कैद. आज्ञा मोडणाऱ्यांना वृत्तपत्रांनी ‘मास्क स्लॅकर’ म्हटले. महायुद्धाच्या दिवसांत ‘स्लॅकर’ म्हणजे देशकर्तव्य चुकवणारा कामचुकार.

७/१७
२१ नोव्हेंबरला भर दुपारी भोंगा वाजला आणि शहराने मास्क उतरवले. साथ मात्र परतली. १७ जानेवारी १९१९ पासून सक्ती पुन्हा लागू झाली आणि या वेळी ‘अँटी-मास्क लीग’ उभी राहिली. तिचे आक्षेप दोन प्रकारचे होते: मास्क निरुपयोगी आहे, आणि सक्ती स्वातंत्र्याविरुद्ध आहे. १ फेब्रुवारीला सक्ती उठली. पहिला आक्षेप सर्वस्वी पोकळ नव्हता. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचे सचिव केलॉग यांनी १९२० मध्ये त्या काळच्या जाळीदार कापडी मास्कचा अपेक्षित परिणाम दिसला नाही, असेच लिहिले.

८/१७
त्याच काळातील सिएटलचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ट्रामच्या दाराशी मास्क लावलेला कंडक्टर उभा आहे आणि मास्क नसलेल्या प्रवाशाला तो आत येऊ देत नाही. होल्ट यांच्या तत्त्वानुसार वाहतूकदाराने कोणालाही नाकारायचे नसते. तरीही हा नकार वैध होता, कारण त्यामागे सार्वजनिक आरोग्याचा आदेश होता आणि तो प्रत्येकाला सारखाच लागू होता. प्रवाशाने मास्क बांधला की तेच दार त्याच्यासाठी उघडत असे.

९/१७
सगळीच दारे अशी उघडणारी नव्हती. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. दुकानातील वस्तू त्यांना विकत मिळत, पण तेथल्याच उपाहारगृहाच्या काउंटरवर बसून खाण्यास मनाई होती. ते बसून राहिले. त्यातून पेटलेल्या आंदोलनाने १९६४ च्या नागरी हक्क कायद्याची वाट रुंद केली. या कायद्याने हॉटेले, उपाहारगृहे, चित्रपटगृहे यांत वंश, वर्ण, धर्म वा राष्ट्रीय मूळ यांवरून नकार देण्यास बंदी घातली.

१०/१७
मात्र या यादीत सामान्य किरकोळ दुकानांचा समावेश नव्हता. ब्रिटनच्या १९६५ च्या वंशसंबंध कायद्यातही हॉटेले आणि उपाहारगृहे आली, पण दुकाने राहून गेली. ती उणीव १९६८ च्या कायद्याने भरली. दुकानदाराची मर्जी हा खाजगी प्रांत, ही समजूत पाश्चात्त्य कायद्यात इतकी खोल रुजलेली होती. आपल्याकडे मात्र १९५० सालीच संविधानाने दुकानाला हात घातला होता. ते कसे, हे समजण्यासाठी महाडला जावे लागते.

११/१७
४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी निधीतील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे कागदोपत्री खुले केले, पण पाण्याला हात लावणे शक्य होत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी ते पाणी प्राशन केले.

१२/१७
यानंतरचा भाग आपल्या विषयाशी थेट भिडतो. सनातनी मंडळी न्यायालयात गेली आणि त्यांनी तळे खाजगी स्वरूपाचे असल्याचा दावा केला. ‘जागा आमची, प्रवेश आमच्या मर्जीने’ हा युक्तिवाद दहा वर्षे चालला. अखेर १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. खाजगी मालकीच्या भाषेआड जन्माधारित बहिष्कार कसा दडवता येतो, याचा अनुभव बाबासाहेबांनी येथे घेतलेला होता.

१३/१७
म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला अडवू नये अशा ठिकाणांची जी यादी आहे, तिचा आरंभच ‘दुकाने’ या शब्दाने होतो. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या शब्दाची व्याप्ती विचारली गेली. बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा: येईल त्याला सेवा देण्यास मालक तयार असतो, असे कोणतेही ठिकाण म्हणजे दुकान. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेपोटी दुकानात प्रवेश वा वस्तू नाकारणे हा गुन्हा ठरवला.

१४/१७
आता २०२० मध्ये येऊ. मास्कसक्तीसाठी मुंबईत आधार घेतला गेला तो १८९७ च्या साथरोग कायद्याचा. हा कायदाही मुंबईतल्या प्लेगमुळेच जन्मलेला. जून २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मॉलसाठी नियम घालून दिले: मास्क असेल तरच प्रवेश. नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने महाराष्ट्र आणखी पुढे गेला. मास्क नसलेल्या व्यक्तीला ५०० रुपये दंड होता, पण असा ग्राहक दुकानात आढळला तर आस्थापनेला १०,००० रुपये. दुकानदाराचा अधिकार आता त्याचे कर्तव्य झाला होता.

१५/१७
यातील अन्यायाची बाजूही नोंदवली पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोत मास्क न लावणाऱ्याला पोलीस पकडत. आपल्याकडे ते काम पुष्कळदा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या आणि मॉलच्या सुरक्षारक्षकाच्या अंगावर आले. रोजचे गिऱ्हाईक दुखवावे की दंड भरावा, हा पेच त्यांनी एकट्याने सोसला. शिवाय मास्क लावणे ज्यांना खरोखर अशक्य आहे, अशा अपंग वा आजारी व्यक्तींना सरसकट परतवणे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या भावनेशी जुळणारे नव्हते. अशांना दारातच माल आणून देणे हा साधा मार्ग उपलब्ध होता.

१६/१७
परंतु त्याच साथीत नकाराचा दुसरा, जुना चेहराही दिसला. मार्च २०२० मध्ये म्हैसूरच्या एका सुपरमार्केटमध्ये नागालँडच्या दोन तरुणांना ते परदेशी आहेत असे समजून प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी आधार कार्ड दाखवूनही उपयोग झाला नाही. विषाणू तोच, दारही दुकानाचेच, आणि सबब आरोग्याचीच. पण येथे त्या तरुणांनी काय करावे म्हणजे दार उघडेल, या प्रश्नाला उत्तरच नव्हते. चेहरा बदलता येत नाही.

१७/१७
तेव्हा दुकानदार मास्कवाचून आलेल्याला अडवू शकतो का? शासनाचा आदेश लागू असताना त्याने अडवणेच अपेक्षित होते. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्रात मास्क ऐच्छिक झाला. त्यानंतरही एखाद्याने तसा नियम ठेवला, तर १५(२) च्या यादीत मास्क नाही. नियम सर्वांना सारखा हवा आणि ज्याला तो पाळणे शक्यच नाही त्याची सोय हवी, इतकेच. मास्कसाठी दारात थांबवले गेले म्हणून स्वतःची तुलना महाडच्या सत्याग्रहींशी करणारे संदेश त्या काळात फिरत होते. कॉन्स्टंटाइन, ग्रीन्सबरोचे विद्यार्थी आणि चवदार तळ्यावर गेलेली माणसे यांना खिशातून रुमाल काढून तोंडावर बांधल्याने प्रवेश मिळणार नव्हता. कोणत्याही बंद दारासमोर इतिहासाचा दाखला देण्यापूर्वी एवढे तपासून पाहावे.