सेक्शन ८ (अमेरिकेतील घरभाडे साहाय्य)
अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारची योजना. १९३७ च्या गृहनिर्माण कायद्याचे आठवे कलम १९७४ मध्ये नव्याने लिहिले गेले, त्यावरून हे नाव. लाभार्थी खाजगी घर शोधतो, उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडे स्वतः भरतो. उरलेले, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, स्थानिक गृहनिर्माण संस्था थेट घरमालकाला देते.

अर्ज याच संस्थेकडे करतात. खरी कसोटी प्रतीक्षायादीची. पात्र ठरल्याने मदतीचा हक्क मिळत नाही. मंजूर निधीत बसतील तेवढीच कुटुंबे घेतली जातात. पात्र कुटुंबांपैकी सुमारे चौथ्या हिश्शालाच सरकारी भाडेसाहाय्य मिळते. त्यामुळे मोठ्या शहरांतील याद्या वर्षानुवर्षे बंद असतात आणि उघडल्या तरी थोड्याच दिवसांपुरत्या. कुणाचे नाव लागणार हे अनेकदा सोडतीने ठरते. संस्थेच्या पत्राला उत्तर न आल्यास नाव वगळले जाऊ शकते. ज्यांना कायमचा पत्ताच नाही, अशा सर्वांत गरजू माणसांवर हा नियम अन्याय करतो.

क्रमांक लागल्यावर घर शोधायला किमान ६० दिवस मिळतात. अनेक राज्यांत घरमालक अशा भाडेकरूला नाकारू शकतो, आणि कित्येकांची मुदत घर न मिळताच संपते.