मोतीबिंदूच्या आड

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझी आत्या राहत असे. वय ऐंशीच्या घरात. बाजूने कोणी आले तरी तिला कळायचे नाही, पायरीला ठेच लागायची. "मोतीबिंदू आहे, पिकला की काढू," असे ती वर्षानुवर्षे सांगायची. शेवटी तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "झामर छे." म्हणजे आपला काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली थेंब घालून सांभाळायची, एवढेच हाती होते.

मराठीत दोन्ही नावांत 'बिंदू' आला आणि घोळ झाला. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते, ते बदलले की दिसू लागते. काचबिंदूत मेंदूकडे जाणारी नसच मरत जाते, बहुधा डोळ्यातला दाब वाढल्याने, कधी दाब न वाढताही. आधी कडेची नजर जाते. समोरचे दिसत राहते, म्हणून माणूस गाफील.

सुश्रुताच्या उत्तरतंत्रात 76 नेत्ररोग आहेत. त्यांतला 'अधिमंथ' म्हणजे डोळा घुसळून काढल्यासारखा ठणका, सोबत अर्धे डोके दुखणे, आणि हयगय झाली तर पाच-सात रात्रींत दृष्टी जाणे. तीव्र काचबिंदूशी हे वर्णन बरेच जुळते. पण जो ठणकत नाही, तो कसा सापडायचा? तंजावरच्या सरफोजी राजांनी (राज्यकाळ 1798 ते 1832) रुग्णांच्या नोंदी मोडीत ठेवल्या, त्यांच्या डोळ्यांची चित्रेही काढून घेतली. केवढी दूरदृष्टी! तरी चित्रकाराला दिसणार ते बाहेरचेच. आतली नस पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झने 1851 साली दिले, आणि 1857 मध्ये बर्लिनच्या ग्रेफेने काचबिंदूवरची शस्त्रक्रिया जगापुढे मांडली.

इकडे बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालये उभी केली. अख्खे संस्थान वाचायला बसवले म्हणा ना! आत्या त्याच परंपरेतली, दुपारी पुस्तक हातात नाही असे व्हायचे नाही. मात्र म्हातारपणापर्यंत वाचत बसण्याचे भाग्य तेव्हा थोड्यांचेच. स्वातंत्र्याच्या सुमारास देशाचे सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षे होते, आज ते सत्तरच्या आसपास आहे. वय वाढले तसा वयाबरोबर येणारा काचबिंदूही वाढला. जगात 2013 साली त्याचे सुमारे 6 कोटी 43 लाख रुग्ण होते, 2040 पर्यंत 11 कोटींवर जातील असा अंदाज आहे.

1976 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भर मोतीबिंदूवर राहिला. त्यात चूक नव्हती, लाखोंना नजर मिळाली. काचबिंदू मात्र आडोशाला राहिला. तमिळनाडूच्या ग्रामीण भागात 40 वर्षांवरच्या 5150 जणांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2003 मध्ये आले. 2.6 टक्के लोकांना काचबिंदू होता, आणि त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना त्याचा पत्ताच नव्हता!

हा आजार घराण्यात उतरतो, भावंडांचे डोळे तपासून घ्या, असे त्या डॉक्टरांनी आत्याला बजावले होते. तिचा फोन आल्यावर बाबांना मडगावला नेले. ते "मला सगळे दिसते" म्हणून कुरकुरत होते. डाव्या डोळ्यात सुरुवात निघाली. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर एक थेंब.