हात हीच मोजपट्टी

खात्यात नवीन मुलगा लागला की पहिल्या दिवशी मी त्याला मशीनला हात लावू देत नसे. आधी शिशाचा एप्रन टांगायला शिकवायचो. घडी घालून ठेवलेल्या एप्रनच्या आतल्या थराला चीर जाते. वरचं रेक्झिन शाबूत असतं, त्यामुळे घालणारा निर्धास्त राहतो आणि किरण त्या चिरेतून आरपार जातात. ही शिस्त मला भाऊंनी लावली.

भाऊ माझे सीनियर. मी 1981 साली जिल्ह्याच्या गावी एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागलो, तेव्हा त्यांच्या नोकरीला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची नखं उभी चिरलेली होती. बोटांवरची कातडी कोरडी, चकचकीत, त्यावर एक केस नाही. चहाचा ग्लास ते डाव्या हाताने धरत. तरुणपणी त्यांनी अंधाऱ्या खोलीत, हिरवट उजेडाच्या पडद्यामागे, डॉक्टर मोडलेलं हाड बसवत असताना पेशंटचा हात धरून ठेवला होता. एकदा दोनदा नव्हे, वर्षानुवर्षं. पेशंट म्हणायचे, ‘फोटो काढायचाय.’ त्या फोटोचं मोल धरणाऱ्याच्या बोटांनी भरलं.

या धंद्याचा इतिहास मला नेहमी हातांचाच वाटत आला आहे. 8 नोव्हेंबर 1895 रोजी वुर्झबर्गला राँटगेनना हे किरण सापडले. त्यांचा स्वभाव कळेना म्हणून त्यांना ‘एक्स’ म्हटलं गेलं, आणि आपण बीजगणितातल्या अज्ञात राशीचा ‘क्ष’ उचलून क्ष-किरण म्हणू लागलो. सहा आठवड्यांनी राँटगेननी पत्नीच्या हाताची प्रतिमा घेतली. हाडं आणि बोटातली अंगठी. पुढच्या वर्षभरात जगभर हीच रीत पडली. नळीत दम किती आहे हे पाहायला यंत्र नव्हतं, म्हणून चालवणारा आपलाच पंजा पडद्यासमोर धरी. हाडं फिकट दिसली की किरण जोरकस, काळी दिसली की मऊ. दिवसातून कितीतरी वेळा, प्रत्येक पेशंटच्या आधी. हात हेच मीटर होतं.

एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरन्स डॅली नावाचा काच फुंकणारा कारागीर होता. नळ्या तोच तयार करी आणि आपल्याच हातावर तपासून पाही. आधी केस गेले, मग व्रण आले, मग कर्करोग. एक हात दुखू लागला की तो दुसरा वापरी. शेवटी दोन्ही हात कापावे लागले. 1904 मध्ये तो वारला, वय अवघं 39. एडिसननी क्ष-किरणांचं काम सोडून दिलं. ते सोडू शकत होते. डॅलीसारख्या माणसाला मात्र तेच काम पोटाचं होतं, आणि इतिहास सांगताना आपण शोधकर्त्यापाशी थांबतो, नळी धरणाऱ्यापर्यंत जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. हॅम्बुर्गच्या सेंट गेऑर्ग रुग्णालयाच्या आवारात 1936 साली या कामात गेलेल्यांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर 169 नावं होती, आणि ती पुढे वाढत गेली.

लोकांना इशारा मिळाला नव्हता असं नाही. 1896 मध्येच एलिहू थॉमसन यांनी मुद्दाम डाव्या हाताची करंगळी नळीसमोर धरली. सूज आली, फोड आले, वेदना झाल्या. तरी पुष्कळांनी दोष विजेच्या ठिणग्यांना आणि ओझोनला दिला. तेव्हा बोस्टनच्या विल्यम रोलिन्स या दंतवैद्याने 1901 साली गिनीपिगपर्यंत वीज पोचणारच नाही अशी व्यवस्था करून त्यावर किरण सोडले. गिनीपिग मेला. दोष किरणांचाच होता. नळीला शिशाचं कवच घाला, डोळ्यांवर शिशाची काच लावा, हे त्याने तेव्हाच सांगून ठेवलं होतं. ते सर्वत्र अंगवळणी पडायला कित्येक वर्षं गेली.

इतकी वर्षं का गेली, याचं एक कारण शरीरात आहे. निखाऱ्याला हात लागला तर तो तत्क्षणी मागे येतो. इथे काहीच जाणवत नाही. किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात, आणि ती मोड पेशी विभागायला गेली की उघडी पडते. कातडीच्या तळाशी सतत विभागणाऱ्या पेशी असतात. त्या मेल्या की वरच्या थराला नवा भरणा मिळत नाही, म्हणून चट्टे आणि व्रण येतात ते दिवसांनी, आठवड्यांनी. चुकीची दुरुस्ती होऊन जगलेली पेशी तर वीस वर्षांनी कर्करोग होऊन समोर येते. रक्त तयार करणारी अस्थिमज्जा आणि पोटातलं बाळ अधिक नाजूक, तेही याच कारणाने. म्हणून बाईला फोटोआधी ‘पाळी कधी आली होती?’ हे विचारताना मी कधी लाजलो नाही, आणि कुणाला लाजू दिलं नाही.

पुढे मोजमाप आलं, पण पहिलं एककसुद्धा कातडीच. कातडी लाल होईल इतके किरण म्हणजे एक मात्रा. 1925 मध्ये मुचेलर यांनी सुचवलं, की काम करणाऱ्याला महिन्याला त्या मात्रेच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त मिळू नये. 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने दिवसाला 0.2 राँटगेन ही मर्यादा घातली. आज आपल्याकडे पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. ढोबळ हिशेब केला तर तेव्हाच्या दहा दिवसांत आजचं वर्ष संपतं. दरम्यान 1927 मध्ये मुलर यांनी फळमाश्यांवर दाखवून दिलं होतं, की किरणांनी झालेला बदल पुढच्या पिढीत उतरतो. ‘इतकं चालतं’ म्हणण्यातला निर्धास्तपणा हळूहळू गेला.

आमच्या छातीवर मात्रा मोजणारा बॅज आला तो या सगळ्यानंतर. भाभा अणुसंशोधन केंद्राने 1975 पासून जुन्या फिल्म बॅजच्या जागी टीएलडी आणला. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर तीन गोल चकत्या, कॅल्शियम सल्फेटमध्ये अत्यल्प डिस्प्रोसियम घालून केलेल्या. एका चकतीवर धातूचं झाकण, दुसरीवर प्लॅस्टिकचं, तिसरी उघडी. तिन्हींच्या फरकावरून किरण कोणत्या जातीचे हे कळतं. चकती तापवली की साठवलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते, आणि जितका उजेड तितकी मात्रा. बॅज एप्रनच्या आत लावायचा, कारण जे शरीराला लागलं तेच मोजायचं. दर तीन महिन्यांनी जुना पाठवायचा, नवा घ्यायचा.

एका तिमाहीत मी बॅज एप्रनलाच लावून विसरलो. एप्रन एक्स-रेच्या खोलीत खुंटीवर, आणि बॅज दिवसभर किरण खात राहिला. आकडा मोठा आला, विचारणा करणारं पत्र आलं. मी आठ दिवस नीट झोपलो नाही. रक्त तपासलं, ते ठीक निघालं. पण त्या पत्रामुळे मला एक उमगलं. कुठेतरी माझ्या नावापुढे कोणी आकडा लिहीत होतं, आणि तो वाढला तर विचारत होतं. हे डॅलीला मिळालं नव्हतं. भाऊंनाही अर्ध्या नोकरीपर्यंत नाही.

निवृत्तीनंतर भाऊंच्या तर्जनीवरचा चट्टा कर्करोगाचा निघाला. बोट पेराशी काढलं. भरपाईचा अर्ज करायला मी त्यांच्याबरोबर गेलो. समोरच्या गृहस्थांनी सौजन्याने विचारलं, ‘सुरुवातीच्या वर्षांची डोस-नोंद आहे का?’ नोंद बॅज मिळाला त्या वर्षापासूनची होती. त्याआधीची पंधरा-सोळा वर्षं कोरी. भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी उजवा हात टेबलावर, त्या कोऱ्या रकान्याशेजारी ठेवला.